नाव घ्या, नवरा सोडून

मृणालिनी सबनीस अकरा वर्षं नटी होती आणि अकरा वर्षं तिच्या हातात ट्रे होता. मालिकेत ट्रे, नाटकात ट्रे, एका बिस्किटाच्या जाहिरातीत तर दोन ट्रे. आणि त्या ट्रेमधल्या एकाही कपात कधी चहा नव्हता. नाटकवाल्यांना हे माहीत असतं. कप भरलेला असला की हिंदकळतो, साडीवर सांडतो, शॉट पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून कप रिकामा द्यायचा आणि नटीने तो भरलाय असं समजून जपून चालायचं. मृणालिनी हे इतकं झकास करायची की एका प्रयोगाला पहिल्या रांगेतल्या आजोबांनी बायकोला विचारलं होतं, "आलं घातलेलं दिसतंय, नाही गं?"

दिग्दर्शकांचं तिला एकच सांगणं असे. चहा ठेव, डावीकडे बघ, जा. भूमिका मोठी असली तर "काळजीने बघ" एवढी भर पडायची. डावीकडे कोण असायचं? हिरो असायचा, सासरा असायचा, वकील असायचा, एकदा तर नुसतीच खिडकी होती. मृणालिनी खिडकीकडेही काळजीने बघायची. काम चोख होतं तिचं, त्याबद्दल वाद नाही.

मग लग्न झालं. सुरेश सबनीस हा अबू धाबीत मोठमोठ्या इमारतींचे चिलर, म्हणजे सगळी इमारत गार ठेवणारी ती अजस्र यंत्रं, सांभाळणारा इंजिनिअर. माणूस सरळ, बोलायला कमी, खायला जास्त. मृणालिनी त्याच्याबरोबर खलिफा सिटीतल्या एका व्हिलाच्या तळमजल्यावर राहायला आली. मुलगी झाली, शुभ्रा. संसार मार्गी लागला आणि इथल्या महाराष्ट्र मंडळाला कळलं की आपल्यात एक खरीखुरी नटी आहे. झालं! मंडळाच्या दरवर्षीच्या नाटकात तिला मानाची भूमिका मिळू लागली. आईची. आणि आई काय आणते, ते सांगायला नको.

आज त्याच बाईच्या नावावर तीन छोट्या फिल्म्स आहेत. मंडळाच्या सभासदत्वाच्या फॉर्मवरचा "कुटुंबप्रमुख" हा रकाना तिने भांडून काढायला लावला. कार्यकारिणीत निम्म्या बायका आल्या त्या तिच्यामुळे. काही पुरुषमंडळी तिला पाठीमागे "स्त्रीमुक्ती" म्हणतात आणि तोंडावर "ताई, तुमचं अगदी बरोबर आहे" म्हणतात. पण ही सगळी पुढची गोष्ट झाली. मुळात घोडं कुठे अडलं होतं आणि कसं सुटलं, ते ऐकण्यासारखं आहे.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाची मीटिंग मंडळाचा सेक्रेटरी अंकुर याच्या घरी भरली होती. अंकुर बँकेत कामाला. गोड बोलणारा, पण मिनिटामिनिटाचा कार्यक्रम आखणारा.

"मृणालिनीताई, आईचा रोल तुमचाच," तो म्हणाला. "तुमच्याशिवाय कोण करणार?"

"आई काय करते या नाटकात?"

अंकुरने स्क्रिप्ट चाळली. "आई... आई असते."

"चहा आणते का?"

त्याने पुन्हा पानं उलटली. प्रामाणिक माणूस, खोटं बोलवेना. "दोनदा."

सगळे हसले. मृणालिनीही हसली. पण त्या वर्षी तिला पन्नासावं लागलं होतं, आणि आदल्याच आठवड्यात तिच्या लेकीने तिच्या जुन्या कामांची सीडी बघून शांतपणे सांगितलं होतं, "आई, दॅट्स नॉट अ रोल. दॅट्स अ ट्रे." ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. तेव्हा हसू संपल्यावर ती म्हणाली, "ट्रे यंदा दुसऱ्या कोणाला द्या. मी फिल्म करते. पाडव्याला दाखवायची. पंधरा मिनिटं द्या मला."

"फिल्म? कोण करणार? शूटिंगची परमिशन, कॅमेरा..."

"घरात करेन, परमिशन लागणार नाही. सगळ्या बायका करतील. तुम्ही पंधरा मिनिटं द्या."

अंकुरने वहीत लिहिलं: पंधरा मिनिटं. आणि खाली दोन रेघा ओढल्या.

घरी येताना गाडीत सुरेशने विचारलं, "कशावर करणार आहेस?"

"माहीत नाही," मृणालिनी म्हणाली. आणि हे अगदी खरं होतं. बोलून गेली होती बिचारी. आता नाही केली तर जन्मभर लोक विचारणार, काय झालं हो तुमच्या फिल्मचं?

विषय सापडला तो तीळ भाजताना. संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी तिच्याकडेच असायचं. शनिवार बघून चाळीसेक बायका यायच्या, नटूनथटून, हलव्याचे दागिने घालून. कुंकू लागायचं, अत्तर लागायचं, वाण मिळायचं आणि मग आग्रह सुरू व्हायचा: नाव घ्या, नाव घ्या. मग एकेक जण उखाण्यात नवऱ्याचं नाव गुंफायची. वर्षानुवर्षं तेच. चांदीच्या वाटीत केशराच्या काड्या, मंगळसूत्राच्या दोन वाट्या, आणि शेवटी कोणीतरी राव.

तिने ग्रुपवर मेसेज टाकला: यंदा हळदीकुंकवाला शूटिंग आहे. प्रत्येकीने उखाणा घ्यायचा. नियम एकच. नवरा सोडून कोणाचंही नाव घ्या. ज्या माणसामुळे तुम्ही आज तुम्ही आहात, त्याचं.

मग ग्रुप असा काही वाजू लागला की सुरेशने फोन उशीखाली ठेवला.

कॅमेऱ्याला हिबा आली. शुभ्राची कॉलेजची मैत्रीण, शारजाच्या रोल्ला भागात राहणारी, हैदराबादी आईवडिलांची मुलगी. लग्नांचे व्हिडिओ करून हात बसलेला. मराठी एक अक्षर येत नव्हतं, पण मृणालिनी म्हणाली, तेच बरं, शब्दांत अडकणार नाही. माईक विकत घेतला दोनशे चाळीस दिरहॅमचा. "म्हणजे पावणेसहा हजार रुपये," सुरेश मोठ्याने म्हणाला, कारण हे मोठ्याने म्हटल्याशिवाय इथे कोणाला वस्तू घेतल्यासारखी वाटतच नाही.

आणि सुरेशलाही काम मिळालं. खलिफा सिटीच्या डोक्यावरून विमानं जातात, एअरपोर्ट हाकेवर. ऐन उखाण्यात विमान आलं की संपलं. म्हणून सुरेश गच्चीवर खुर्ची टाकून बसला, फोनवर विमानांचं ॲप उघडून, आणि तिथून जिन्यात ओरडून सांगायचा, "जेद्दाचं निघालंय, दोन मिनिटं थांबा." खाली चाळीस बायका हातात तिळगूळ धरून विमान जाईपर्यंत थांबायच्या. सुरेशला तर हे काम फारच आवडलं. एवढ्या बायका आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं ऐकत होत्या.

पण मजा आली. डेंटिस्ट असलेली दर्शना उभी राहिली आणि तिने आपल्या ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईचं नाव घेतलं:

"राउंडअबाउटला अडले, पार्किंगला रडले,
अजरा मॅडमचं नाव घेते, सातव्यांदा हायवेला चढले."

ज्यांना इथलं लायसन मिळवताना सहा-सहा वेळा नापास व्हावं लागलं होतं त्यांनी टाळ्या अशा वाजवल्या की माईक फाटायची वेळ आली. मग सोनम. एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात. ती म्हणाली:

"माझ्या फीसाठी आईने विकल्या कानातल्या कुड्या,
सुमनबाईंचं नाव घेते, त्यांच्या जिवावर मारते उड्या."

कोणी शाळेतल्या बाईंचं नाव घेतलं, कोणी धाकट्या बहिणीचं, एकीने तर सरळ स्वतःचं घेतलं आणि लाजून खाली बसली. त्यातले अकरा जणींचे उखाणे फिल्मसाठी पक्के झाले. मृणालिनीने प्रत्येकीला शब्द दिला, कोणाचंही कापणार नाही. आणि मग सगळ्या गेल्यावर तिने स्वतःचं काम केलं. चार मिनिटांचं स्वगत, तिनेच लिहिलेलं, रिकाम्या कपांबद्दल. हातात काही नाही, चेहऱ्यावर सरळ कॅमेरा. तीस वर्षं ज्याची वाट बघितली तो क्लोजअप. हिबाला शब्द कळत नव्हते, तरी ती कॅमेऱ्यामागे डोळे पुसत होती. सुरेश गच्चीवरून खाली आला आणि दारातच थबकला. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बघतोय," तो म्हणाला, "तू कोणाला काही न देता बोलतेयस."

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिघी एडिटिंगला बसल्या. मृणालिनी, शुभ्रा आणि हिबा. तास-दीड तास बरं चाललं होतं. मग हिबा म्हणाली, "आंटी, एक टेक नहीं मिल रहा. ये वाली आंटी का."

"कौनसी?"

"ये. हर फ्रेम में तो हैं."

स्क्रीनवर गिरिजा होती. गिरिजाताई पाटकर. साठीची बाई, दोन गल्ल्या सोडून मुलगा विघ्नेश आणि सुनेकडे राहायची, नातवाला सांभाळायची. मूळची राजापूरकडची. हळदीकुंकवाला दरवर्षी सगळ्यांच्या आधी यायची, पदर खोचून उसळ फोडणीला टाकायची, चहाचं आधण ठेवायची. मृणालिनीला तिच्याशिवाय कार्यक्रम जमलाच नसता.

"उनका टेक नहीं है," मृणालिनी म्हणाली. "वो किचन में थीं."

"किचन में कहाँ? देखिए ना."

हिबाने एकेक शॉट दाखवला. तिला मराठी येत नव्हतं, आपल्या रीती माहीत नव्हत्या, कोणाकडे बघायचं आणि कोणाकडे नाही हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. फ्रेममध्ये जे हलत होतं ते तिने टिपलं होतं. दर्शना हसतेय, मागून गिरिजाताई. सोनम लाजतेय, बाजूने गिरिजाताई. प्रत्येक शॉटमध्ये तेच. चहा ठेवते, डावीकडे बघते, जाते.

शुभ्रा हळूच म्हणाली, "आई, शी इज डुइंग युअर ओल्ड रोल."

मृणालिनीने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. एका शॉटमध्ये ती स्वतः होती, हातात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन. ओळीने एकेकीला कुंकू लावत येतेय. गिरिजाताई ट्रे घेऊन ओळीतच उभी आहे. करंडा तिच्यापर्यंत येतो आणि मृणालिनीचा खांदा किंचित वळतो, अगदी सहज, पाण्यातल्या माशासारखा, आणि करंडा पुढच्या बाईकडे जातो. गिरिजाताई ट्रे जरा वर धरते, म्हणजे मृणालिनीला वाट मिळावी.

गिरिजाताईचा नवरा सात वर्षांपूर्वी गेला होता.

तिला कोणी कधी "येऊ नका" म्हटलं नव्हतं. छे, आपण किती पुढारलेले! तिला वाण मिळायचं, तिळगूळ मिळायचा, जाताना डब्यात उसळ मिळायची. फक्त करंडा निघायच्या वेळी ती नेमकी चहाच्या ट्रेत गुंतलेली असायची, आणि "नाव घ्या" सुरू झालं की कप गोळा करण्यात. सगळ्यांच्या सोयीचं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला मृणालिनीने चांगला दोनशे चाळीस दिरहॅमचा माईक आणला होता, आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ हिबाने कॅमेऱ्यात पकडून दिलं. तिला लाज वाटली. मान खाली घालून ती टेबलावरचे तीळ गोळा करत बसली.

सोमवारी सकाळी ती गिरिजाताईंच्या दारात. गिरिजाताई कोळंबी सोलत होत्या.

"ताई, तुमचा उखाणा राहिला," मृणालिनी म्हणाली. "माझी चूक झाली. आत्ता घेऊ या?"

"नको ओ. माझं कशाला?"

"कोणाचंही नाव घ्या. आईचं घ्या, नातवाचं घ्या."

गिरिजाताईंनी कोळंबीचा काळा दोरा काढला, बाजूला ठेवला. "मृणालताई, रागावू नका. तुमचा नियम चांगलाच आहे. तुम्हा सगळ्यांना नवऱ्याचं नाव घेऊन कंटाळा आला. घरी आहेत ना ते, कधीही हाक मारता. मला दुसऱ्या कोणाचं घ्यायचंच नाही. मला ह्यांचंच घ्यायचं होतं. आणि नेमकं तेच तुमच्यात चालत नाही."

मृणालिनीला तोंडात मारल्यासारखं झालं.

मग गिरिजाताई बोलत गेल्या. त्यांचे यजमान किसन पाटकर अठ्ठावीस वर्षं शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका गॅरेजमध्ये गाड्यांचं रंगकाम करायचे. आठ जणांच्या खोलीत राहायचे. वर्षाला एक महिना सुट्टी. सुट्टीच्या दिवशी रोल्लाला जाऊन फोन करायचे, आधी बूथवरून, मग मोबाइलवरून. रोल्लात काय काय मिळतं, कुठल्या दुकानात बांगडा ताजा, सगळं गिरिजाताईंना राजापुरात बसून पाठ. एकदा आणून दाखवतो म्हणाले होते. कायमचे घरी आले त्याच वर्षी गेले. पुढे मुलगा शिकला, इथेच नोकरीला लागला, त्याने आईला आणलं. रोल्ला त्यांनी पाहिला तो सुनेबरोबर, मॉलला जाता जाता गाडीच्या काचेतून.

"आमच्यात नवऱ्याला नावाने हाक मारायची नसते," गिरिजाताई म्हणाल्या. "आमच्या वयाच्या बाया नाहीच मारत. उखाण्यातच काय ते नाव तोंडात यायचं. वर्षातून एकदा-दोनदा. ते गेले आणि तेही गेलं. मुलगा पप्पा म्हणतो, फॉर्मवर 'लेट' लिहितात. किसन कोणी म्हणतच नाही ओ."

मृणालिनीने डोळे पुसले, मग हसली, कारण दुसरं काय करणार? "नियम मी केला, मीच मोडते," ती म्हणाली. "कोळंबी फ्रिजमध्ये ठेवा. यल्ला, चला."

"आत्ता? ह्या साडीवर?"

"ह्याच साडीवर."

हिबा शारजाहून यायची म्हणजे दीड-दोन तास. तोवर सुरेशला ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावली. गिरिजाताईंना दिवाणखान्यातल्या चांगल्या खुर्चीत बसवलं. बसता बसता त्यांनी विचारलं, "ट्रे कुठे ठेवू?" हातात ट्रे नव्हता. सवयीने विचारलं. आधी मृणालिनी हसली आणि मग त्या स्वतःच इतक्या हसल्या की हिबाला थांबावं लागलं. मृणालिनीने करंडा आणला, त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. गिरिजाताई नको म्हणाल्या नाहीत. पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि एका दमात म्हणाल्या:

"अकरा महिने फोनवर, एक महिना संसार,
किसनरावांचं नाव घेते, भांडायचं राहिलं फार."

म्हणाल्या आणि तोंडावर पदर घेऊन हसल्या. नव्या नवरीसारख्या हसल्या. त्याच क्षणी डोक्यावरून विमान गेलं, घरघरत, कपाटातल्या काचा वाजवत. सुरेश गच्चीवर नव्हताच. जिन्यात येऊन ऐकत उभा होता. पण "कट" कोणी म्हटलं नाही. गिरिजाताईंनी वर छताकडे बघितलं, आवाज पार विरेपर्यंत बघत राहिल्या. शॉट तसाच राहिला, विमानासकट.

फिल्म तयार झाली. एकोणीस मिनिटांची.

मार्चमध्ये अंकुर बघायला आला. खूश झाला, मनापासून झाला. पण घड्याळ बघायला विसरला नाही. "पंधरा मिनिटं ठरलंय, ताई. हॉल आठला रिकामा करायचाय, मुलांचा डान्स आहे, बक्षिसं आहेत. चार मिनिटं काढा, खलास."

"काय काढू?"

तो जरा घुटमळला. "ते पाटकरकाकूंचं... छान आहे. पण सणाचा दिवस. लोक रडायला लागले तर पुढे मुलं नाचणार कशी? तेच बरोबर चार मिनिटांचं आहे. तुमचं स्वगत मात्र ठेवा. ते तर हायलाइट आहे."

अंकुर गेला आणि मृणालिनी एकटी लॅपटॉपसमोर बसली. अकरा जणींना शब्द दिला होता, तिथे हात लावायचा नव्हता. म्हणजे उरलं काय? चार मिनिटं गिरिजाताईंची, चार मिनिटं तिची. कोणीतरी एक.

तिने स्वतःचं स्वगत तीन वेळा बघितलं. चांगलं होतं. खोटं कशाला बोला, फारच चांगलं होतं. असं काम तिच्या हातून पुन्हा होईलच याची खात्री नव्हती, आणि झालं तरी बघणार कोण? तिला अंकुरचा राग आला, घड्याळाचा आला, मुलांच्या डान्सचा आला, थोडा गिरिजाताईंचासुद्धा आला. बाथरूममध्ये जाऊन ती रडली, तोंड धुतलं, परत आली. मग शुभ्राला हाक मारली.

"माझं काढ."

"आई, आर यू शुअर? इट्स युअर बेस्ट वर्क."

"माहितेय मला. काढ."

शुभ्राने आईकडे बघितलं आणि या वेळी मराठीत म्हणाली, "बरं." तिने काढलं.

पाडव्याला शाळेचा तो हॉल गच्च भरला होता. पुढे पैठण्या आणि कुर्ते. मागच्या पाच रांगा मंडळ दरवर्षी साइटवर, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलखाकडच्या मंडळींसाठी ठेवतं, बस पाठवून आणतं. तेही आले होते, इस्त्रीचे शर्ट घालून. गिरिजाताई सून आणि नातवासोबत मधल्या रांगेत. मृणालिनी बाजूच्या भिंतीला टेकून उभी होती. बसवत नव्हतं तिला.

अजरा मॅडमवर हॉल खदखदून हसला. कुड्यांवर टाळ्या पडल्या. आणि मग पडद्यावर गिरिजाताई आल्या, घरातल्या साडीत. "भांडायचं राहिलं फार" म्हणाल्या तेव्हा पुढचे लोक हसले. हसता हसता थांबले. पडद्यावर विमान गेलं. मागच्या पाच रांगांत कोणी हसलंच नव्हतं. तिथे माणसं पुढे वाकून बसली होती. पडदा काळा झाला, नावं येऊ लागली आणि मागून एक घोगरा आवाज आला, "ते विमानाचं परत लावा ओ."

अंकुरने घड्याळ बघितलं. मग त्याने लॅपटॉपवाल्याला मान हलवून खूण केली, आणि गिरिजाताईंनी पुन्हा एकदा नाव घेतलं. कार्यक्रम चार मिनिटं उशिरा संपला. मुलं नाचायची ती नाचलीच, रडणाऱ्या आयांसमोरही मुलं छान नाचतात.

बाहेर लॉबीत चहा होता. एक काकू मृणालिनीला गाठून म्हणाल्या, "अगं, पण तू कुठे दिसली नाहीस?"

"होते की, कॅमेऱ्यामागे," ती म्हणाली. थोडं दुखलं. पण थोडंच.

तेवढ्यात तिला दिसलं की गिरिजाताई पदर खोचून चहाच्या टेबलाकडे निघाल्यात, सवयीने. मृणालिनी लगबगीने गेली, त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः चहा आणायला गेली. एक ट्रे उचलला, त्यावर कप ठेवला, काठोकाठ भरलेला, वाफाळता. आणि गर्दीतून निघाली. पाचव्या पावलावर चहा ट्रेमध्ये, आठव्यावर पैठणीवर. गिरिजाताईंपर्यंत पोचेस्तोवर कपात अर्धाच उरला होता.

"अकरा वर्षं काय केलंत ओ मग नाटकात?" गिरिजाताईंनी विचारलं.

"ते रिकामे असायचे," मृणालिनी म्हणाली.

दोघी हसत सुटल्या. साडीवरचा डाग बघून सुरेश आला, काय प्रकार आहे ते पाहिलं आणि ट्रे घेऊन गेला. दोन भरलेले कप घेऊन परत आला. एक थेंब सांडला नव्हता. त्याने चहा ठेवला, डावीकडे बघितलं, कारण तिकडे समोसे होते, आणि गेला.

गिरिजाताई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. चहाचा घोट घेतला.

"किसनने मला एकदाही चहा करून दिला नाही," त्या म्हणाल्या. उखाणा नव्हता, राव नव्हतं. साध्या बोलण्यातच म्हणाल्या. "ह्यावरून भांडले असते बघा मी."

मृणालिनीने खुर्ची जवळ ओढली. "भांडा की," ती म्हणाली. "सांगा मला सगळं पहिल्यापासून."

आणि गिरिजाताई सांगू लागल्या.